उचल आणि अंगठा

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली म्हणजे बालाघाटच्या डोंगरांतील पायवाटा कपिलधारेच्या दिशेनें वळूं लागतात. बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळ, डोंगराच्या एका खोल कुशींत हें स्थान आहे. पावसाळ्यांत तेथें कड्यावरून पाण्याची धार कोसळते. खालीं 'परमरहस्य' या ग्रंथाचे कर्ते मन्मथस्वामी यांची समाधि आहे. मराठवाड्यांतून आणि शेजारच्या कर्नाटक-तेलंगणांतून वीरशैव भाविकांच्या दिंड्या पायीं येतात, समाधीपुढें माथा टेकतात आणि आल्या वाटेनें घरीं जातात.

याच दिवसांत याच मुलखांतून दुसरीही एक यात्रा निघते. दसरा होऊन गेलेला असतो, दिवाळीचे दिवे विझतात न विझतात, तोंच मांजरसुंब्याच्या चौकांतून मालमोटारी व ट्रॅक्टर जाऊं लागतात. त्यांवर पत्र्याची पेटी, पिठाची गोणी, सरपण, बांधलेली शेळी, आणि या साऱ्या पसाऱ्याच्या वर, पदर डोक्यावर ओढून, मांडीवर मूल घेऊन बसलेल्या बायका दिसतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत ऊस तोडावयास चाललेलीं हीं कुटुंबें होत. कपिलधारेचा यात्रेकरू नवस फेडून परततो; या दुसऱ्या यात्रेंतला माणूस घरांतून निघण्यापूर्वींच ऋणी झालेला असतो. पहिली यात्रा आठवड्यांत संपते, दुसरीला पांच-सहा महिने लागतात, आणि पुष्कळदां ती संपली तरी ऋण संपत नाहीं.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास या दुसऱ्या यात्रेकडे पाहतांना एक जुना प्रश्न आठवल्यावांचून राहत नाहीं. बाई घर सोडून दूर मुलखीं कामाला नेली जाते, तेव्हां ती नेमकी कशी नेली जाते?

स्त्रियांचा व्यापार म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. अंधारी रात्र, तोंडांत बोळा, कोणी अनोळखी नराधम! नाटकांनीं व कादंबऱ्यांनीं हें चित्र आपल्या मनावर चांगलेंच ठसविलें आहे. असें कधींच घडत नाहीं असें मुळींच नाहीं. परंतु जुने कागद चाळूं लागलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, या व्यापारांत सांपडलेल्या पुष्कळ स्त्रिया आपल्या पायांनीं चालत गेल्या आहेत. नेणारा बहुधा गोड बोलणारा होता. त्यानें हातावर कांहीं तरी ठेविलें होतें. आणि बाईनें, किंवा तिच्या वतीनें घरच्या पुरुषानें, होकार दिला होता. हा होकार कसा मिळविला जातो आणि मिळाल्यावर त्याचें पुढें काय केलें जातें, एवढेंच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभ आपल्याच घरापासून केलेला बरा. पेशवाईंत 'कुणबीण' या शब्दाचा अर्थ शेतकऱ्याची बायको एवढाच नव्हता. खरेदी केलेली दासी असाही होता. अशा कुणबिणींच्या खरेदीविक्रीचे कागद पेशवे दफ्तरांत आहेत. त्या सरकारी कोठ्यांत आणि सरदार-सावकारांच्या वाड्यांत राबत. कोणी मोहिमेंत धरून आणलेली असे, कोणी बदकर्माचा आरोप येऊन सरकारजमा झालेली असे, आणि कोणी दुष्काळांत पोटासाठीं विकली गेलेली असे. या तिसऱ्या वर्गाकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. दुष्काळांत विकल्या गेलेल्या बाईवर कोणीं तलवार उगारलेली नव्हती. विकणारा कित्येकदां तिचा बाप किंवा नवरा असे, आणि घेणारा आपण तिला जगविली असेंच म्हणत असे.

१८४३ च्या पांचव्या कायद्यानें कंपनी सरकारनें आपल्या मुलखांतील न्यायालयांत गुलामाच्या मालकीला थारा देण्याचें बंद केलें, आणि १८६० च्या दंडसंहितेनें माणसाची गुलाम म्हणून खरेदीविक्री हा गुन्हा ठरविला. विक्री बंद झाली, पण दुष्काळ बंद झाले नाहींत. १८७६ चा आला, १८९६ चा आला, १८९९ चा आला. बाईची अडचण होती तेथेंच राहिली, तिच्या श्रमाची गरज असणारेही होते तेथेंच राहिले. मधला व्यवहार मात्र बदलला. विक्रीखताच्या जागीं करार आला.

या कराराचा मोठा अवतार म्हणजे गिरमिट. ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी १८३४ पासून उठूं लागली, आणि त्याच वर्षीं मॉरिशसच्या मळ्यांकडे हिंदी मजुरांचीं जहाजें सुरू झालीं. मळे होते उसाचे! पुढें एकट्या मॉरिशसकडे चार लक्षांहून अधिक माणसें गेलीं. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले मराठी मजूरही होते. त्यांचे वंशज आजही तेथें मराठी म्हणून ओळखले जातात. मॉरिशसमागून त्रिनिदाद, गियाना, नाताळ व फिजी येथील मळ्यांनीही हाच मार्ग धरला.

केवळ पुरुष नेले तर वसाहतींत अनाचार माजतो, असें दिसून आल्यावर सरकारनें नियम केला कीं दर शंभर पुरुषांमागें चाळीस स्त्रिया नेल्या पाहिजेत. नियमाचा हेतु कांहींही असो, त्याचा परिणाम असा झाला कीं बाई ही भरतीच्या बाजारांतील दुर्मिळ वस्तु बनली. चाळिसांचा आंकडा भरल्यावांचून जहाज सुटावयाचें नाहीं. म्हणून भरती करणाऱ्या दलालास, ज्याला उत्तरेकडे 'अरकाटी' म्हणत, पुरुषापेक्षां बाईमागें अधिक दलाली मिळूं लागली.

हा अरकाटी बायकांना शोधावयास कोठें जाई? गांवांत तो फारसा शिरत नसे; गांवांत भाऊबंद असतात, पाटील असतो, चार माणसें विचारपूस करतात. तो उभा राही बाजारांत, आगगाडीच्या स्टेशनावर, धर्मशाळेच्या ओट्यावर, आणि तीर्थक्षेत्रांच्या वाटेवर. तेथें त्याला हवी ती बाई आपण होऊन भेटे: सासरच्या जाचाला कंटाळून निघालेली, नवऱ्यानें टाकलेली, केशवपनाच्या भयानें पळालेली विधवा, किंवा दुष्काळांत कुटुंबापासून चुकलेली. फिजींत जन्मलेले आणि स्वतः एका गिरमिटियाचे नातू असलेले इतिहासकार ब्रिज लाल यांनीं फिजीला गेलेल्या सहस्रावधि मजुरांचे परवाने तपासले. त्यांना आढळलें कीं यांतील अनेक माणसें नांव नोंदविण्यापूर्वींच आपला जिल्हा सोडून बाहेर पडलेलीं होतीं. म्हणजे दलालानें बाईला घरांतून काढलें असें नेहमीं झालें नाहीं. घर तिचें आधींच सुटलेलें होतें; ती वाटेवर होती, आणि वाटेवरच्या एकट्या बाईला जो प्रथम 'मावशी, जेवलीस का' असें विचारतो, त्याच्यावर ती विश्वास ठेवते. लाल यांचें आणखीही एक म्हणणें आहे, आणि तें न्यायाचें आहे: या साऱ्या बायकांना केवळ फसलेल्या भोळ्या म्हणणें हा त्यांचा अपमान आहे. कित्येकींनीं परिस्थिति पाहून, दोन वाईटांतलें कमी वाईट म्हणून तें पाऊल उचललें होतें.

पण पाऊल उचलणें निराळें आणि कोठें पडणार हें ठाऊक असणें निराळें. कायद्याप्रमाणें प्रत्येक मजुराला अधिकाऱ्यापुढें उभें करून विचारीत: तूं खुषीनें जातेस काय? तिनें शिकविल्याप्रमाणें 'होय' म्हणावें, कागदावर अंगठा उठवावा, आणि तेथें सरकारची जबाबदारी संपावी. बेट किती दूर, समुद्र किती दिवसांचा, कामावर न गेल्यास तुरुंग आहे, हें त्या 'होय' मध्यें कोठेंच नसे. नामदार गोखले यांनीं १९१२ च्या मार्चमध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत गिरमिट बंद करण्याचा ठराव मांडला, तेव्हां त्यांचें बोट याच दुखऱ्या जागीं होतें. ज्या देशाची भाषा व रीतभात ठाऊक नाहीं तेथें, ज्या कायद्याचें स्वरूप कोणीं समजावून दिलेलें नाहीं त्याच्या कक्षेंत, अडाणी माणसानें स्वतःस पांच वर्षें बांधून घ्यावें, याला बरोबरीचा करार कसें म्हणावें, असा त्यांचा प्रश्न होता. ठराव फेटाळला गेला. पुढल्याच वर्षीं फिजींतील कुंती नांवाच्या मजूर स्त्रीची हकीकत कलकत्त्याच्या 'भारतमित्र' पत्रांत आली. गोऱ्या देखरेख्याच्या तावडींतून सुटण्यासाठीं तिनें नदींत उडी घेतली होती. ही हकीकत वाचून देश पेटून उठला. १९१७ सालीं भरती थांबली आणि १९२० च्या आरंभीं उरलेल्या मजुरांचे करारही रद्द झाले. गोखले तें पाहण्यास राहिले नव्हते; ते १९१५ सालींच गेले.

गिरमिटाची भरती ज्या सालीं थांबली त्याच सालीं मुंबईच्या डंकन रोडवरील एका कुंटणखान्यांत अकुताई नांवाच्या बाईचा खून झाला. पळून जाण्याचा प्रयत्न केला म्हणून तिला परत आणून छळ करून मारलें होतें. या खटल्यानें शहरांतील सभ्य माणसें हादरलीं, आणि अशा घरांच्या अंतर्भागाकडे प्रथमच लोकांचें लक्ष गेलें. तेथें बाईला अडकविण्याचें साधन नुसतें कुलूप नव्हतें, कर्जही होतें. लुगड्याचें कर्ज, दागिन्याचें कर्ज, जेवणाचें कर्ज! बाईनें मिळवावें आणि मालकिणीनें वजा करावें, तरी बाकी शिल्लकच. १९२३ सालीं मुंबई सरकारनें वेश्याव्यवसायास प्रतिबंध करणारा कायदा केला. कायद्यानें दलालास शिक्षा सांगितली. पण ज्या मुलुखांतून दलाल बायका आणी तेथल्या कोरड्या शेतांना काय, हें त्या कायद्यांत असणें शक्यच नव्हतें.

आतां आपण पुन्हा बालाघाटावर येऊं. हा मुलुख पर्जन्यछायेंतला; माळ उथळ, पाऊस लहरी. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यांत होता. पश्चिम महाराष्ट्रांत पाटबंधारे झाले, १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्याच्यामागून कारखान्यांची रांग लागली. ऊस वाढला तसा तो तोडणारा हात हवा झाला. हा हात कारखान्याच्या शेजारचा कां नसावा? डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनीं खानदेशांतून दक्षिण गुजरातेंत नेल्या जाणाऱ्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास करून याचें उत्तर दिलें आहे. परका मजूर रात्रीं-अपरात्रीं उठवितां येतो, त्याला घरचें लग्नकार्य आडवें येत नाहीं, आणि भांडण झालें तर पाठीशीं उभें राहणारें त्याचें कोणी तेथें नसतें. दूर अंतर हीच मालकाची सोय आहे.

बीडच्या गांवांत भरती करणारा तो मुकादम. तो परका नसतो. बहुधा गांवचाच, भावकींतला, निदान ओळखीचा. तो येतो आषाढ-श्रावणांत, जेव्हां घरांतील कणगी रिकामी झालेली असते, पेरणी वायां गेलेली असते, कोणाचें आजारपण तर कोणाचें लग्न निघालेलें असतें. तो एकरकमी पैसा देतो. त्या पैशाला 'उचल' म्हणतात, आणि ती हंगामभर ऊस तोडून फेडावयाची असते. ती देतांना तो उपकार करीत असतो, आणि घेणारा त्याला दुवा देत असतो. दुसरा कोणता सावकार जमीन गहाण न ठेवतां एवढी रक्कम देईल? जमीन नाहीं तर गहाण काय, तर येणाऱ्या सहा महिन्यांचीं दोन शरीरें.

दोन शरीरें हें अक्षरशः खरें आहे. मुकादमाच्या वहींत मजूर मोजीत नाहींत, 'कोयता' मोजतात. आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोचें जोडपें. एकटा माणूस हा अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या हातीं पडते, हिशेब त्याच्या नांवें चालतो. पहाटे उठून, भाकरी भाजून, फडांत ऊस तोडून, मोळी बांधून, ती डोक्यावर घेऊन फळीवरून मोटारींत चढविणारी बाई त्या हिशेबांत निराळी दिसत नाहीं. या एका शब्दानें तिच्या आयुष्याचे किती निर्णय होतात पाहा. कोयता पुरा करावयाचा तर बायको हवी; म्हणून मुलाचें लग्न उरकावें. आईबाप सहा महिने दूर असतां वयांत आलेली मुलगी कोणाच्या भरंवशावर ठेवावी, म्हणून मुलीचेंही उरकावें. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत बीड जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा चाळिसांहून अधिक जणींचीं लग्नें अठरा वर्षांच्या आंत झालेलीं आढळलीं. नवऱ्यावांचूनची बाई, विधवा वा टाकलेली, अर्ध्या कोयत्याच्या मोलानें कोणाच्या तरी टोळींत जाते. आणि तिच्या कोपीला दार नसतें.

कामावर खाडा पडला तर दोघांचा दंड बसतो. पाळी, बाळंतपण, पोटांतलें दुखणें हे सारे खाडेच. मग गर्भाशयच काढून टाकलें तर? २०१९ सालीं ही गोष्ट वर्तमानपत्रांतून देशापुढें आली. शासनानें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. जिल्ह्यांत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तींत १३,८६१ स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया कामासाठींच झाली असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु प्रत्येकीनें, किंवा तिच्या घरच्यांनीं, कागदावर सही वा अंगठा मात्र दिलेला असणार. गिरमिटावरच्या अंगठ्याची आठवण येथें व्हावी, यांत नवल नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सारेच मुकादम नराधम आहेत काय? नाहींत. मुकादमानें स्वतःही कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून उचल घेतलेली असते. कोयता पळाला तर बुडतो तो मुकादम. कित्येक कुटुंबें दरवर्षीं आपण होऊन जातात आणि चार पैसे गांठीला बांधून येतात. मग यास व्यापार म्हणावें काय? प्रत्येक फेरीला तें नांव देणें अतिशयोक्तीचें होईल. पण उचल फिटली नाहीं म्हणून पुढल्या हंगामाला जावेंच लागतें, नाहीं म्हटलें तर बायकापोरांना अडकवून ठेवण्याची धमकी येते, तेव्हां ती सीमा ओलांडलेली असते. ती कोठें ओलांडली गेली हें जाणाऱ्या बाईला सर्वांत उशिरा कळतें.

कायद्याला ही गोष्ट समजावयास फार वर्षें लागलीं. हैदराबाद संस्थानांत 'भगेला' या वेठबिगारीविरुद्ध १९४३ सालीं नियम झाला. सबंध देशांत वेठबिगारी उठविणारा कायदा १९७६ सालीं झाला. १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठीं राबणाऱ्या मजुरांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, बळजबरी काठीनेंच होते असें नाहीं. उपासमारीनें दुसरा मार्ग न उरणें हीही बळजबरीच. २००० सालीं संयुक्त राष्ट्रांनीं केलेल्या करारांत माणसाच्या असहाय स्थितीचा गैरफायदा घेणें हें व्यापाराच्या साधनांत स्पष्ट घातलें गेलें, आणि अशा मार्गानें मिळविलेला होकार हा होकारच नव्हे असें ठरलें. २०१३ सालीं आपल्या दंडसंहितेचें ३७० वें कलम याच धर्तीवर बदललें. १९१२ सालीं गोखले जें विचारीत होते, त्याचें उत्तर शंभर वर्षांनीं कायद्याच्या पुस्तकांत आलें.

पुस्तकांतून तें मांजरसुंब्याच्या चौकापर्यंत अजून आलेलें नाहीं. स्थलांतरित मजुरांसाठीं १९७९ सालीं जो कायदा झाला, तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता. त्यामुळें बीडची बाई कर्नाटकांत गेली तर तिच्या मुकादमाला परवाना लागे. कोल्हापुरास गेली तर लागत नसे. जणूं काय बाईचें दूरपण राज्याच्या नकाशावरून ठरतें, तिच्या गांवापासून नव्हे.

मग उपाय काय? इतिहासांत त्याचाही एक दाखला आहे, आणि तो आपलाच आहे. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रानें गांवोगांवीं खडी फोडण्याचीं, रस्त्यांचीं, तलावांचीं कामें काढलीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें पन्नास लक्ष माणसें त्या कामांवर होतीं, आणि त्यांत बायकांचा वांटा फार मोठा होता. त्यांतूनच पुढें १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. त्या कामांवर बाईला कोणाची जोडी लागत नसे. हजेरीपटावर तिचें नांव निराळें असे. ज्या श्रावणांत गांवांतच काम आणि आठवड्याला मजुरी आहे, त्या श्रावणांत मुकादमाच्या उचलीचें वजन आपोआप उतरतें. दलालाला तुरुंगांत घालणें अवश्य आहे, पण श्रावणांतली ती रिकामी कणगी भरणें त्याहून अवश्य आहे.

मॉरिशसमध्यें मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत गिरमिटियांच्या नोंदवह्या जपून ठेविल्या आहेत. त्यांत मजुराचें नांव आहे, बापाचें नांव आहे, वय, जात, गांव, अंगावरची खूण आहे. कित्येकांचीं छायाचित्रेंही आहेत. त्या राज्यकर्त्यांचा हेतु दयेचा नव्हता. हरवलेला मजूर धरून आणतां यावा एवढाच होता. तरी त्यामुळें आज तेथील एखादी मुलगी आपल्या खापरपणजीचा चेहरा पाहूं शकते, तिचें गांव शोधीत कोंकणांत येऊं शकते. आपल्या चहांतील साखरेसाठीं यंदा बालाघाट उतरून गेलेल्या बाईचें नांव आपल्या कोणत्या वहींत आहे? 'एक कोयता' एवढीच नोंद जर राहणार असेल, तर तिच्या नातीला आपला इतिहास लिहावयास बसतांना एक कागदही सांपडणार नाहीं.